‘मला माहीत नव्हतं’ : विश्वस्त, कायदा आणि बदलापूर

(अंबरनाथ इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

 

सुरुवातीलाच एक विचारतो. इथे बसलेल्यांपैकी किती जण कुठल्या ना कुठल्या संस्थेचे विश्वस्त आहेत, किंवा कार्यकारिणीवर आहेत? हात वर करा, लाजू नका. बरेच आहेत. शाळा, वाचनालय, देऊळ, ज्येष्ठ नागरिक संघ. आता दुसरा प्रश्न. यातल्या किती जणांनी आपल्या संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे? (हशा) हसू नका. मीही पहिली काही वर्षं वाचली नव्हती. त्यावर पुढे येतो.

मी वकील नाही. हिशेब तपासण्याच्या निमित्ताने अनेक वर्षं संस्थांची कागदपत्रं पाहत आलो. त्यामुळे आजचं बोलणं कायद्याचा सल्ला म्हणून घेऊ नका. पुस्तकाचं परीक्षण करतात ना, तसं आज मला एका कायद्याचं परीक्षण करायचं आहे. आणि त्या कायद्याच्या सावलीत आपल्याला लागलेल्या एका सवयीचंही.

विषय बदलापूरचा आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. त्या शाळेचं नाव मी घेणार नाही. अनेकांना वाटतं की हा घाबरटपणा आहे. तसं नाही. पोक्सो कायद्याचं कलम २३ असं सांगतं की पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही, त्याचं नाव, घर, कुटुंब, शाळासुद्धा, जाहीर करायचं नाही. तेव्हा इतरांच्या जबाबदारीवर बोलताना निदान आपली तरी आपण पाळावी.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात लैंगिक अत्याचार झाला. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता, त्याच महिन्यात कामावर आलेला. पालक पोलीस ठाण्यात गेले आणि गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांना तिथे कित्येक तास थांबावं लागलं. गुन्हा १६ ऑगस्टला नोंदवला गेला. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनच्या रुळांवर उतरले आणि सुमारे दहा तास गाड्या बंद राहिल्या. तुमच्यापैकी अनेक जण त्या दिवशी कुठे ना कुठे अडकले असतील. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला मुख्य आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने मेला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या चर्चेत बदलापूर प्रकरण साधारण याच ठिकाणी संपतं. तो मेला, विषय संपला. काही जणांनी पेढे वाटले, काही जणांनी चकमकीवर प्रश्न विचारले. दोन्ही बाजूंचं बोलणं एका माणसाभोवती फिरत राहिलं. पण या प्रकरणात आणखीही आरोपी होते, आणि त्यात संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव होते. त्यांच्यावरचा आरोप अत्याचाराचा नव्हता. आरोप असा की घटना कळल्यावरही त्यांनी ती पोलिसांना कळवली नाही. उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२४ ला त्यांचा अटकपूर्व जामीन फेटाळला. १६ ऑगस्टच्या आधीच त्यांना घटनेची माहिती होती असं प्रथमदर्शनी दिसतं, असं न्यायालयाने त्या वेळी म्हटलं. दुसऱ्या दिवशी कर्जतमधून त्यांना अटक झाली आणि पुढे जामीनही मिळाला. हे सगळे आरोप आहेत, दोष सिद्ध झालेला नाही, हे मी स्पष्ट सांगतो. ते दोषी आहेत की नाहीत हे न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न त्या दोघांपुरता नाही. आत्ता हात वर केलेल्या आपल्या सगळ्यांपुरता आहे.

विश्वस्त म्हणजे कोण?

शब्दापासून सुरुवात करू. संस्कृतात ‘विश्वस्त’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे असा. दुसरा, जो स्वतः निर्धास्त आहे, ज्याला कसली शंका नाही असा. कायद्याला पहिला अर्थ अभिप्रेत आहे. आपण बहुतेक जण दुसऱ्या अर्थाने विश्वस्त असतो. निर्धास्त! मुख्याध्यापक बघतायत, सचिव बघतायत, आपण आहोत फक्त नावाला. लेटरहेडवर डाव्या बाजूला नावांची उभी रांग असते, त्या रांगेत आपलं नाव असलं की झालं.

आता कायदा उघडू. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, आताचं नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. आपल्या बहुतेक संस्था १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदलेल्या असतात आणि त्याच वेळी या १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यासही असतात. तुमच्या पावतीपुस्तकावर ‘एफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तर तुम्ही या कायद्यात आहात. ‘आम्ही ट्रस्ट नाही, सोसायटी आहोत’ असं म्हणून सुटका होत नाही.

हा कायदा विश्वस्ताकडून काय मागतो? कलम २२ : विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्या. कलम ३२, ३३ : हिशेब ठेवा, तपासून घ्या. कलम ३५ : पैसा कुठे गुंतवायचा ते. कलम ३६ : संस्थेची जमीन, इमारत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकू नका. कलम ३६ अ : संस्थेचा कारभार आणि पैसा संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच वापरा आणि स्वतःसाठी तर संस्थेच्या पैशातून उचल मुळीच घेऊ नका. कलम ४१ : तुमच्या घोर निष्काळजीपणामुळे संस्थेचं नुकसान झालं तर ते तुमच्या खिशातून वसूल होऊ शकतं. आणि कलम ४१ ड : विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढून टाकता येतं. हिशेब देण्यात सतत कसूर, आदेशांची अवज्ञा, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, मालमत्तेचा अपहार, अशी त्याची कारणं दिली आहेत.

चांगला कायदा आहे. पण वाचत गेलं की एक गोष्ट जाणवते. पान उलटावं तिथे पैसा, जमीन, इमारत, हिशेब. माणूस जवळजवळ दिसत नाही. ज्यांच्यासाठी ही संस्था उभी राहिली ते मूल, तो रुग्ण, वसतिगृहातली ती मुलगी, हे या कायद्यात ‘लाभार्थी’ या एका कोरड्या शब्दात येऊन जातात.

माझ्याच कामातलं उदाहरण देतो. या कायद्याखाली १९५१ चे नियम आहेत. त्यातला नियम १९ सांगतो की लेखापरीक्षकाने अहवालात काय काय लिहायचं. हिशेब नियमित आहेत का? रोकड कोणाच्या ताब्यात आहे? कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का? पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या होत्या का? इतिवृत्ताचं पुस्तक ठेवलं आहे का? ही यादी मी इतक्या वेळा भरली आहे की पाठ झाली आहे. त्यात स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीवर पाच हजार एक रुपये खर्च झाले तर निविदा मागवली का, हे मला विचारावं लागतं. त्या स्वच्छतागृहापर्यंत चार वर्षांच्या मुलीला कोण घेऊन जातं, हे मात्र विचारावं लागत नाही.

हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवसापासून ती यादी मला पूर्वीसारखी भरता येत नाही.

आता कायद्याच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर परीक्षण एकतर्फी होईल. १९५० साली कायदा करणाऱ्यांपुढे काय होतं? देवस्थानांच्या जमिनी परस्पर विकल्या जात होत्या, धर्मादाय पैसा घराण्यांच्या तिजोरीत जात होता. त्या रोगावर हे औषध होतं आणि ते लागू पडलं. शाळेतली सुरक्षितता हा त्या कायद्याचा विषयच नव्हता. आणि तरीही, मला वाटतं, त्या कायद्यात एक दार उघडं आहे. कलम ३६ अ मध्ये शब्द आहे ‘उद्दिष्टं’. शाळा चालवणाऱ्या संस्थेचं उद्दिष्ट काय? इमारत नव्हे. उद्दिष्ट मूल आहे. मग मुलाच्या सुरक्षिततेकडे सतत दुर्लक्ष करणं हे कलम ४१ ड मधल्या ‘कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष’ यात का बसू नये? माझ्या वाचनाप्रमाणे बसतं. पण त्यासाठी कोणीतरी धर्मादाय कार्यालयाकडे तसा अर्ज करायला हवा. आपण अर्ज कशासाठी करतो? निवडणूक रद्द करा म्हणून, चेंज रिपोर्टला हरकत म्हणून, हा गट खरा की तो गट खरा म्हणून. मुलांसाठी केलेला अर्ज इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून तरी गेला नाही.

न कळण्याची सोय

आता दुसरा कायदा, पोक्सो, २०१२ चा. इथे उलट चित्र आहे. हा कायदा मुलापासून सुरू होतो. कलम १९ म्हणतं : गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी ज्याला भीती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलंच पाहिजे. कोणत्याही व्यक्तीने, बरं का. शिक्षक, शिपाई, डॉक्टर, शेजारी. कलम २१ मध्ये न कळवण्याची शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत. पण कलम २१ चं दुसरं पोटकलम खास आपल्यासाठी आहे. संस्थेचा प्रमुख असेल आणि गुन्हा त्याच्या हाताखालच्या माणसाने केला असेल, तर शिक्षा एक वर्षापर्यंत, शिवाय दंड. म्हणजे पद वाढलं की जबाबदारी दुप्पट.

‘एक वर्ष म्हणजे किरकोळ’ असं समजणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातलं एक प्रकरण सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं, वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींचं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने अत्याचाराची माहिती असूनही कळवलं नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं करणं बहुतेक वेळा अपराध्याला पाठीशी घालण्यासारखंच होतं.

तर पोक्सोमध्ये मूल आहे. पण त्यातही एक फट आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. शिक्षा माहिती असण्यावर अवलंबून आहे. ज्याला माहीत होतं आणि ज्याने कळवलं नाही तो दोषी. मग ज्याला माहीतच नव्हतं तो? तो सुटतो. आता हे वाक्य एखाद्या हुशार विश्वस्ताच्या नजरेने वाचा. त्याला यातून काय शिकवण मिळेल? माहीत करून घेऊ नका!

आणि मंडळी, आपल्या संस्थांची रचना पाहिली तर वाटतं की ही शिकवण आपण कायदा येण्याच्या आधीपासूनच आत्मसात केली आहे. पालक तक्रार घेऊन येतो. तो बाईंना सांगतो, बाई मुख्याध्यापकांना सांगतात, मुख्याध्यापक सचिवांच्या कानावर घालतात. सचिव म्हणतात, ‘बघू, आत्ता लेखी काही घेऊ नका.’ लेखी नाही म्हणून विषयपत्रिकेवर नाही. विषयपत्रिकेवर नाही म्हणून इतिवृत्तात नाही. आणि इतिवृत्तात नाही म्हणून उरलेल्या नऊ विश्वस्तांना ‘माहीत नव्हतं’. प्रत्येक पायरीवर माणूस स्वतःपुरता सभ्य असतो. कोणी उघड खोटं बोलत नाही. तरीही शेवटी जे होतं ते खोटंच असतं.

याला मी न कळण्याची सोय म्हणतो. कायदा या सोयीपर्यंत पूर्ण पोचत नाही. तिथून पुढचं काम नीतीचं आहे. कायदा विचारेल, तुम्हाला माहीत होतं का? नीतीचा प्रश्न त्याच्या एक पाऊल अलीकडचा आहे : तुम्हाला कळावं अशी व्यवस्था तुम्ही केली होती का? विश्वस्ताच्या तोंडी ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव शोभत नाही. तो कबुलीजबाब आहे.

आता माझी कबुली. एका छोट्या संस्थेवर, नाव सांगत नाही, मी काही वर्षं विश्वस्त होतो. सभा तीन महिन्यांनी. मी उशिरा पोचायचो, तोवर चहा आलेला असायचा. प्रोसिडिंग आधीच लिहून तयार. सगळ्या ठरावांच्या शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. मी सही करायचो. दुसऱ्यांच्या संस्थांचे कागद दिवसभर बारकाईने तपासणारा माणूस मी, आणि स्वतःच्या संस्थेच्या कागदावर न वाचता सही! एकदा तिथल्या एका मदतनीस बाईंनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, ‘दादा, एक सांगायचं होतं.’ मी घाईत होतो. म्हटलं, ‘सचिवांशी बोला ना.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुढे त्यांनी काम सोडलं. त्यांना काय सांगायचं होतं हे मला आजतागायत माहीत नाही. कदाचित पगाराचं असेल, कदाचित काहीच मोठं नसेल. पण बदलापूरच्या बातम्या वाचताना मला तो जिना आठवला. पोक्सोखाली माझ्यावर काही होऊ शकलं नसतं, कारण मला काही ‘माहीत’ नव्हतं. आणि मला का माहीत नव्हतं, ते तुम्ही आत्ता ऐकलंत.

आपली तीन गावं

हे सगळीकडेच होतं, मग मी आपल्या तीन गावांचं का बोलतोय? कारण इथल्या संस्थांचा जन्म जवळचा आहे, डोळ्यांसमोरचा आहे. उल्हासनगर १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर वसलं. सगळं सिंधमध्ये सोडून आलेल्या माणसांनी बराकींमध्ये संसार मांडले आणि पोटाला चिमटा काढून शाळा, दरबार, दवाखाने उभे केले. अंबरनाथमध्ये कारखान्यांतल्या माणसांनी पगारातून वर्गणी काढून मंडळं चालवली. बदलापूर तर कालपरवापर्यंत गाव होतं. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार, २०११ मध्ये १ लाख ७४ हजार. त्यानंतर काय झालं ते सकाळची सात पाचची लोकल पकडणाऱ्याला सांगायला नको.

ज्या काळात शाळेत दोनशे मुलं होती आणि अध्यक्षांना प्रत्येक मुलाचे वडील नावाने माहीत होते, त्या काळात तोंडी कारभार चालून गेला. ओळख हीच देखरेख होती. आता मुलं हजारांत आहेत. सफाई कंत्राटदाराकडे, बस कंत्राटदाराकडे, सुरक्षारक्षक एजन्सीचे. आई-वडील दोघंही पहाटे लोकल पकडतात, रात्री परत येतात. दिवसभर ते मूल शाळेच्या भरवशावर असतं. आणि विश्वस्त मंडळ मात्र तेच, त्याच ओळखींवर, त्याच चहावर चालतं. ‘आपलाच माणूस आहे, काय चौकशी करायची?’ या वाक्यावर नेमणुका होतात. कंत्राटदाराचा माणूस तर आपलाही नसतो.

आणखी एक शब्द आपल्याकडे फार जड आहे : बदनामी. ‘संस्थेची बदनामी होईल.’ बदनामीची भीती खोटी नाही. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेचं नाव हीच तिची पुंजी असते, हे मला मान्य आहे. पण ती पुंजी कोणाची? लोकांची. विश्वस्त तिचा राखणदार आहे. मुलाला गप्प करून नाव राखलं, तर ते संस्थेचं रक्षण नव्हे. ती उचल झाली, कलम ३६ अ मध्ये मनाई आहे तसली. फरक इतकाच की पैशाच्या जागी विश्वास आहे.

उपाय म्हणून काय झालं, तेही पाहू. २१ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे रेल रोकोच्या दुसऱ्या दिवशी, शासननिर्णय निघाला. शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी-सावित्री समित्या. यातल्या सखी-सावित्री समित्यांचा निर्णय तर मार्च २०२२ चा होता, म्हणजे कागद आधीपासून होता. उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या समितीने शिफारशी केल्या. हे सगळं हवंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण कॅमेरा पाहतो, ऐकत नाही. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे, ती कधी उघडली, आत काय निघालं, हे विश्वस्तांच्या सभेत कोणी विचारणार नसेल, तर ती पेटी म्हणजे भिंतीवरची शोभा आहे.

आणि ताजी गोष्ट. जानेवारी २०२६ मध्ये, या प्रकरणात सहआरोपी असलेल्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याला कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत स्वीकृत नगरसेवक म्हणून घेतलं गेलं. ओरड झाली आणि लगेचच राजीनामा आला. कायद्याने बघाल तर दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो, आणि ते तत्त्व मला मोलाचं वाटतं. ते मोडून कोणाला तुरुंगात टाका असं मी कधीही म्हणणार नाही. पण तुरुंगात न टाकणं आणि नवं पद देणं या एकच गोष्टी आहेत का? शिक्षेसाठी पुरावा लागतो. पदासाठी विश्वास लागतो. पुरावा अजून तपासला जायचा आहे, म्हणून विश्वास आपोआप शाबूत आहे असं होत नाही. नेमणाऱ्यांनी हा फरक केला नाही. तो रस्त्यावरच्या लोकांनी केला. मला त्यात निराशेपेक्षा आशा जास्त दिसते.

मग आपण काय करायचं? मोठ्या गोष्टी सांगत नाही. उद्या करता येतील अशा सांगतो.

एक, घटना वाचा. तासाभराचं काम आहे. दोन, प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर एक कायमचा विषय ठेवा : ‘मागील सभेनंतर आलेल्या तक्रारी’. एकही आली नसेल तर ‘एकही नाही’ असं लिहा आणि खाली सगळ्यांनी सही करा. हे ‘एकही नाही’ लिहिताना हात थबकला पाहिजे, त्यासाठीच तो विषय. तीन, कंत्राटी माणसांची यादी सभेपुढे मागा : नाव, कधीपासून, पडताळणी झाली का. चार, वर्षातून दोनदा न सांगता संस्थेत जा. ऑफिसात चहा घेऊ नका. स्वच्छतागृह बघा, बस बघा, वसतिगृहाची खोली बघा. आणि मावशी, शिपाई, मदतनीस यांच्याशी पाच मिनिटं बोला. कोणी जिन्यात थांबवलं तर थांबा.

आणि हे जमणार नसेल, तर राजीनामा द्या. यात अपमान नाही. ज्याला वेळ नाही त्याने देणगी द्यावी, ती संस्थेला केव्हाही उपयोगी पडते. विश्वस्तपद देणगीदाराला द्यायचं बक्षीस नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : आम्ही मानद आहोत, एक पैसा घेत नाही. मग जबाबदारी पगारी मुख्याध्यापकांइतकी कशी?

उत्तर : भावना समजते. पण कलम ३६ अ किंवा ४१ ड मध्ये ‘मानद असेल तर सूट’ असं कुठे लिहिलेलं नाही. पैसे घेत नाही म्हणून आपल्याला मान मिळतो. मान घेतल्यावर त्याच्याबरोबर येणारं ओझंही घ्यायला हवं. रोजचं काम मुख्याध्यापकांचंच आहे, ते तुम्ही करू नका. ते होतंय का, हे विचारणं मात्र तुमचं काम आहे.

प्रश्न : तक्रार पोलिसांना कळवली आणि ती खोटी निघाली तर? शिक्षकाचं आयुष्य उद्ध्वस्त होईल, आणि आमच्यावर केस होईल.

उत्तर : दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्यावर केस होण्याचं म्हणाल, तर कलम १९ मध्येच पोटकलम सात आहे : सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शिक्षकाचं म्हणाल, तर काळजी रास्त आहे. म्हणूनच खरं-खोटं ठरवण्याचं काम आपण अंगावर घ्यायचं नाही. ‘आम्ही आधी अंतर्गत चौकशी करतो’ म्हणत आठ दिवस घालवले की पुरावा जातो, मूल घाबरतं आणि निर्दोष शिक्षकावरही कायमचा संशय राहतो. पोलिसांना कळवा, नाव गुप्त ठेवा, गावभर चर्चा करू नका.

प्रश्न : सभेत मी एकटीच विरोध करते. बाकीचे सगळे एका बाजूला असतात. काय उपयोग?

उत्तर : ताई, उपयोग आहे. तुमचा विरोध प्रोसिडिंगमध्ये नावानिशी नोंदवायला लावा. नोंदवत नसतील तर त्याच संध्याकाळी सचिवांना पत्र द्या आणि पोच घ्या. तेही ऐकलं नाही तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो. कलम ४१ अ खाली आयुक्त विश्वस्तांना निर्देश देऊ शकतात. आणि विषय मुलाचा असेल तर बहुमताची वाटच बघायची नाही. कलम १९ ‘कोणत्याही व्यक्तीने’ म्हणतं, ‘ठराव करून’ म्हणत नाही. तुम्ही एकट्या पोलीस ठाण्यात जाऊ शकता. खरं तर, जावंच लागेल.

उशीर झालाय, बदलापूरकडे जाणाऱ्यांची गाडी चुकेल. घरी जाऊन घटनेची प्रत शोधा. सापडली नाही, तर पुढच्या सभेत तुमचा पहिला प्रश्न तोच असू द्या.